आँतियेनमधला 'त'

गेल्या वर्षी एर्कूरच्या नगरपालिकेने गावातल्या थोर माणसांची पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, नगराध्यक्षांचे अकरा फोटो, आणि अठराव्या पानावर तळाशी एक फोटो आणि चार ओळी: 'ओमेर कोद्रों, लोककलावंत. आपल्या रांगड्या आवाजाने पर्यटकांची मनं जिंकणारे, सदा हसतमुख आजोबा.' मी ते वाचलं आणि पुस्तिका कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरली. कागद इतका गुळगुळीत की कोंबड्यासुद्धा घसरायला लागल्या.

ओमेर गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, हे नगरपालिकेला पक्कं ठाऊक असतं. पर्यटकांची मनं त्याने कधी जिंकली नाहीत. एकदा गाणं चालू असताना कुणी फोटो काढला, तर गाणं थांबवून त्याने त्या माणसाला दार दाखवलं होतं. हसताना मी त्याला मोजून दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा कुणीतरी शिडीवरून पडलं होतं. तेव्हा खरा माणूस कसा होता ते मीच लिहिते. माझं शिक्षण गिरणीत झालं, उरलेलं पोलीसचौकीत. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर सापडोत. ज्या चुकीबद्दल मला लिहायचंय, ती शिकल्यासवरल्या लोकांनी केलेली आहे.

ओमेरचा बाप दलदलीतून जळाऊ माती कापून विकायचा. वर्षभर गुडघाभर पाण्यात. ओमेरला त्या ओलीची आणि कुजकट वासाची इतकी शिसारी, की अंगात बळ आल्याबरोबर तो जमिनीपासून जितकं लांब जाता येईल तितकं वर गेला. छपरं शाकारणारा झाला. काळ्या दगडाच्या पाट्या तासायच्या, टोकाला भोक पाडायचं, आकडीला अडकवायच्या, एकीच्या अंगावर दुसरी. त्रेचाळीस वर्षं तेच.

आणि रविवारी गाणं. आमच्या भागात पूर्वी गावोगाव असा एक गाणारा असायचा. कुठे लोहार, कुठे न्हावी. आठवडाभर घोड्याचे नाल ठोकायचे आणि रविवारी काळा झगा चढवून चर्चमधल्या मोठ्या पोथीपुढे उभं राहून लॅटिन गायचं. त्याला भाविक असावं लागत नसे, छाती असावी लागे. एर्कूरच्या न्हाव्याचे दात पडल्यावर सोळा वर्षांच्या ओमेरला उभं केलं. लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं. न्हाव्याच्या तोंडून ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायचा, न्हाव्याच्या दातांच्या फटीतून निघणाऱ्या शिट्टीसकट.

पुढे नवा पाद्री आला आणि त्याने लॅटिन बंद केलं. तो हुकूम वरूनच आला होता, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण ओमेर त्या आठवड्यात चर्चच्याच छपरावर काम करत होता, आणि वरून त्याला दिसलं की पाद्री हातगाडी भरभरून पोथ्या अंगणात आणून ओततोय. वासराच्या कातड्याची बांधणी, ताटाएवढी पानं, हाताने काढलेले सूर. बाजूला रॉकेलचा डबा. ओमेर शिडीवरून उतरला, आपल्या गाडीतल्या पाट्या खाली रचल्या आणि त्या जागी पोथ्या भरायला लागला.

पाद्री म्हणाला, "कोद्रों, अरे हे सगळं जुनं झालंय."

"छप्पर पण," ओमेर म्हणाला, आणि गाडी ओढत घरी गेला.

पोथ्या पलंगाखाली ठेवल्या. त्याची बायको रोलांद म्हणायची, उंदरांना पण एवढं शिकलेलं घर दुसरीकडे मिळायचं नाही. आता पोथ्या आहेत तर कळायला पाहिजेत म्हणून ओमेरने जुन्या बाजारातून एक लॅटिनचा कोश आणला. पहिली चाळीस पानं कुणीतरी फाडून नेली होती. उरलेल्यातून तो एकेक शब्द शोधायचा आणि सापडला की फुटक्या पाटीवर खिळ्याने कोरून स्वयंपाकघरात टांगायचा. हळूहळू भिंत भरली. भांड्यांना जागा उरली नाही, रोलांदने पातेली खिडकीत मांडली.

त्या पाट्या मी वाचलेल्या आहेत. एका पाटीवर 'मोते', गाण्याचा एक प्रकार. पंडित लोक हा शब्द असा उच्चारतात की वाटावं कसला तरी हिरा आहे. ओमेरने खाली लिहिलं होतं: आपल्या भाषेत मो म्हणजे शब्द, मोते म्हणजे शब्दुला. आधी नुसते सूर होते, कुणीतरी त्यात बारके शब्द भरले, झालं. 'ओके', म्हणजे उचकी: एक गाणारा थांबला की दुसऱ्याने सूर उचलायचा, पुन्हा पहिल्याने, उचकी लागल्यासारखं. 'ऑर्गानुम', हाही गाण्याचाच प्रकार, पण मुळात अर्थ हत्यार, अवजार. त्या पाटीपुढे आपली हातोडी धरून तो म्हणायचा की हे पण ऑर्गानुमच. 'तेनर', म्हणजे धरून ठेवणारा. आजकाल उंच आवाजात गाऊन गळ्यात मफलर घालणाऱ्याला तेनर म्हणतात. ओमेरच्या पोथ्यांच्या काळात तेनर म्हणजे जो जुनी चाल एकेका सुरावर लांबच लांब धरून ठेवतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर वर चढतात तो. खाली शिडी धरणारा, ओमेर म्हणायचा. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्याने हात काढला की सगळे खाली.

एकच शब्द त्याला सापडत नव्हता: आँतियेन, पोथीतल्या एका जातीच्या गाण्याचं नाव. लॅटिनमध्ये तो 'अंतिफोना', म्हणजे 'अ' वरून सुरू होतो आणि कोशातला 'अ' नेमका फाटून गेला होता. म्हणून एका शनिवारी तो सायकलवरून आमियाँच्या वाचनालयात गेला, जाऊन येऊन साठ किलोमीटर, त्या एका शब्दासाठी. तिथल्या बाईने आधी त्याचे हात बघितले आणि धुऊन यायला सांगितलं. मग पुस्तक दिलं. घरी येऊन त्याने सगळ्यात मोठ्या, न फुटलेल्या पाटीवर कोरलं: 'आँतियेन. मूळ ग्रीक. आँती, समोर. फोनी, आवाज. समोरचा आवाज.'

आमच्या चर्चमध्ये वेदीच्या अलीकडे गाणाऱ्यांची लाकडी बाकं होती. एक रांग दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून, एक उत्तरेच्या, तोंडं एकमेकांकडे. दक्षिणेने अर्धी ओळ गायची, उत्तरेने अर्धी. ओमेर दहा वर्षं तिथे बसत होता आणि बाकं अशी का, हे त्याला त्या दिवशी कळलं. रोलांदने मला सांगितलं की त्या संध्याकाळी तो सूप न पिता नुसता पाटीकडे बघत बसला होता.

माझी त्याची ओळख नव्वद साली झाली. आमच्या नगरपालिकेच्या चाळीत छतं गळत होती आणि तज्ज्ञ येऊन सांगत होते की तुम्ही बायका आत फार स्वयंपाक करता, त्याची वाफ आहे. ओमेर आपणहून छपरावर चढला, उतरून सभेत म्हणाला की पाट्यांना तांब्याच्या आकड्या हव्यात तिथे पत्र्याच्या लावल्या आहेत, आणि बसला. तीन वाक्यांत आम्ही जिंकलो. मी आभार मानायला गेले तर मलाच बोलला. "आर्लेत, तू सभेत एकटी बोलत सुटतेस. उत्तर द्यायला समोर जागाच ठेवत नाहीस. त्याला गाणं म्हणत नाहीत, खोकला म्हणतात." मला राग आला. वर्षभर बोलले नाही त्याच्याशी. मग बोलायला लागले.

आता घाणीकडे येते.

आमच्याकडे चर्चची इमारत नगरपालिकेच्या मालकीची, पाद्री फक्त वापरणारा. आणि पाद्री तर अकरा गावांना मिळून एक, महिन्या दीड महिन्यात एकदा येतो, मोटार चालूच ठेवतो. किल्ली ओमेरकडे असायची. तर नगरपालिकेच्या डोक्यात आलं की या इमारतीच्या जोरावर पर्यटक ओढायचे. वारसा समितीच्या प्रमुख सेव्हरीन मालफे. आमच्या भाषेत मालफे या आडनावाचा अर्थ 'वाईट केलेलं' असा होतो. त्यावर विनोद करायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण बाईंनीच मला इलाज ठेवला नाही.

बाईंनी 'मध्ययुगीन सुरांची वाट' काढली. उन्हाळ्यात चौकात प्लास्टिकची शिरस्त्राणं, सळईवर फिरणारं डुक्कर, मधाची म्हणून विकलेली गोडमिट्ट दारू, आणि गोणपाटाचे झगे घातलेले नगरसेवक 'हे सरदारा' करत हिंडतायत. डुकराची चरबी चर्चच्या पायरीवर सांडलेली आठवडाभर तशीच होती, आणि तिच्यावर माश्या. हे सगळं बाहेर होतं तोवर ओमेर काही बोलला नाही. पायरी मात्र त्यानेच गरम पाणी आणि सोडा टाकून घासली.

मग मालफेबाई त्याच्या घरी आल्या. भिंतीवरच्या पाट्या पाहून टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, चर्चमध्ये एक मोठा फलक करतोय, या गाण्यांच्या शब्दांचे अर्थ सांगणारा, तुमचं नाव घालू. ओमेरला आनंद झाला असणार, कारण त्याने त्यांना कॉफी दिली. सात पाट्या कापडात गुंडाळून स्वतः नेऊन दिल्या. फलक कुठे लावणार, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. बायका खोटं बोलतात असं तो म्हणायचा नाही, आणि नगरपालिका ही बाईपेक्षा वेगळी चीज आहे हे त्याला मी शिकवायला हवं होतं.

ऑक्टोबरात तो आणि मी एकदमच आत गेलो. उत्तरेची बाकं नव्हती. फरशीवर त्यांच्या आकाराचा फिकट डाग आणि स्क्रूची भोकं. त्या जागी दोन पुरुष उंचीचा प्लास्टिकचा फलक, जांभळ्या रंगाचा, वर वीणा वाजवणारा गुबगुबीत देवदूत. जवळ गेलं की आपोआप कुठल्याशा शहरातल्या गायकांचा आवाज चालू व्हायचा, दुसऱ्या पावलाला बंद पडायचा. ओमेर चष्मा लावून वाचायला लागला. तिसऱ्या शब्दाशी थांबला.

फलकावर लिहिलं होतं: 'आँसियेन. मध्ययुगातलं सर्वांत जुनं गाणं. आँसियेन म्हणजे जुनी, म्हणून हे नाव.' आणि सगळ्यात खाली: 'माहिती: ओमेर कोद्रों.'

त च्या जागी स. एक अक्षर. पण 'जुनी' हा अर्थ त्या अक्षरातून आपोआप येत नाही. तो कुणीतरी बसून, कॉफी पीत, आपल्या मनाने रचला होता, आणि खाली नाव घातलं होतं त्या माणसाचं जो त्या शब्दासाठी साठ किलोमीटर सायकल मारून आला होता आणि हात धुऊन ये म्हटल्यावर हात धुऊन आला होता.

ओमेर परत परत वाचत होता. तो हलला की देवदूत गायला लागायचा. शेवटी बाहेर येऊन पायरीवर बसला. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाला, "सतरा डिसेंबरपासून सात आँतियेना आहेत. तोवर समोर बाकं पाहिजेत. आणि एक तर तो शब्द नीट करायचा, नाहीतर माझं नाव पुसायचं. दुसरं काही नको."

या सात आँतियेना नाताळच्या आधीच्या, तेवीस तारखेपर्यंतच्या, रोज संध्याकाळी एक. प्रत्येकीची सुरुवात 'ओ' ने. लॅटिन बंद झाल्यावरही ओमेरने त्या सोडल्या नव्हत्या. पाद्री असो नसो, दिवेलागणीला किल्ली घेऊन जायचा. दक्षिणेला तो आणि लेओंस, उत्तरेला दोघे म्हातारे. ते दोघे त्याच वर्षी पाठोपाठ गेले होते. लेओंस उरला होता, गुडघ्यांनी अधू आणि एका कानाने बहिरा. म्हणजे समोर माणूस नाही, आणि आता बाकही नाही.

मी मालफेबाईंना भेटले. त्यांनी मला फार गोड समजावलं. म्हणाल्या, पाटीवर 'आँतियेन' होतं खरं, पण संगणकाने त्याखाली लाल रेघ मारली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आजोबांची चूक झालीय, त्यांना आँसियेन म्हणायचं असणार. सहावीपर्यंत शिकलेले, मन मोठं आहे हो त्यांचं. आम्ही ती चूक गुपचूप दुरुस्त केली, उगाच त्यांना लाज वाटायला नको. मी विचारलं, आणि अर्थ? तो कुठून आला? त्या म्हणाल्या, आता शब्द दिला म्हणजे अर्थ नको का द्यायला.

ही दयाच मला सगळ्यात किळसवाणी वाटते. थुंकतात आणि वर रुमाल देतात.

नोव्हेंबरात नगरपालिकेची सभा होती. मी विषय लावून घेतला, ओमेरला तीन मिनिटं मिळाली. तो लग्नातला कोट घालून आला, काखेत कापडात गुंडाळलेली ती मोठी पाटी. ती त्याने मालफेबाईंच्या कचेरीतून परत आणली होती. तिच्यावर कुणीतरी कुंडी ठेवली होती, पाण्याचा गोल डाग पडलेला. पाटी टेबलावर ठेवून तो म्हणाला की हा शब्द असा आहे, असा फुटतो, आँती म्हणजे समोर. समोर कुणी नसेल तर आँतियेन होत नाही. म्हणून बाकं समोरासमोर होती. ती परत ठेवा. दीड मिनिटात संपलं. उरलेलं दीड मिनिट तो तसाच उभा राहिला, कारण त्याला तीन सांगितली होती.

नगराध्यक्ष फोनमध्ये बघत होते. मालफेबाई म्हणाल्या, आमच्या लाडक्या ओमेरचा सगळ्यांना अभिमान आहे. पण असा शब्द कुणी कधी ऐकलाय का? सांगा. मी इतकी वर्षं या क्षेत्रात आहे, मी नाही ऐकला. गावठी उच्चार असेल. सगळे नगरसेवक माना हलवायला लागले. ओमेरचे कान लाल झाले. पाटीवरचा पाण्याचा डाग तो अंगठ्याने पुसत होता, पुसला जात नव्हता.

मी उठले. आधी बाकांबद्दल विचारलं, मग त्या प्लास्टिकबद्दल, मग बाकं काढताना कुणाची परवानगी घेतली होती ते, मग परत बाकांबद्दल. घंटा वाजली तरी मी बसले नाही. तेव्हा मालफेबाईंचा तोल गेला. टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "बास झालं, आर्लेतबाई. प्रत्येक सभेत तुमची आपली तीच आँतियेन."

आमच्याकडे कुणी एकाच गोष्टीचं तुणतुणं लावलं की असंच म्हणतात: पुन्हा तीच आँतियेन. माझी आई मला म्हणायची, माझा नवरा म्हणायचा, पावाच्या दुकानातली बाई म्हणते. अख्खं गाव म्हणतं, आणि कुणालाच माहीत नसतं की आपण चर्चमधल्या बाकांबद्दल बोलतोय. ओमेरच्या भिंतीवर ती पाटी मी शंभरदा पाहिली होती, पण त्या म्हणण्यातला शब्द आणि पाटीवरचा शब्द एकच, हे मलाही त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथे लिहिते.

मी खाली बसले. इतक्या वर्षांत मी आपणहून बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे नगराध्यक्षांनीसुद्धा फोनमधून मान वर काढली. मग इतिवृत्त लिहिणाऱ्या लिपिक बाईंना मी विचारलं, मालफेबाईंचं शेवटचं वाक्य तुम्ही लिहून घेतलंत का. त्या म्हणाल्या, घेतलं. म्हटलं, शेवटचा शब्द कसा लिहिलात? ती बाई वीस वर्षं त्या खुर्चीत बसलीय आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने चष्मा वर केला आणि ओमेरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"तिथे आहे तसाच. त ने."

मागच्या बाकावरचा कसाई हसायला लागला. मग सगळेच हसले. मालफेबाई पण हसल्या, आपण विनोद केला असं दाखवायला, आणि ते बघून मला परत शिसारी आली. ओमेर हसला नाही. त्याने पाटी गुंडाळली आणि विचारलं, "बाकं कधी?"

बाकं नव्हती. ते तेव्हा कळलं. चार गोदामात ओलीला ठेवली होती, तळ कुजला होता. पाचवं कापून तिकिटाच्या खिडकीचं काउंटर केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ओमेरला घेऊन गेले आणि वाकून बघितलं. जुन्या कारागिराने बाकाच्या उचलत्या फळीखाली एक माणूस कोरलेला होता, दोन्ही हातांनी वरचं ओझं पेलणारा, गाल फुगवलेला. त्याच्या पाठीत चार स्क्रू मारून कार्ड घासायचं यंत्र बसवलं होतं. ओमेरने त्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवला. "हा तेनर होता," एवढंच म्हणाला.

शब्दाचं त्यांनी काय केलं, तर नवा फलक पुढच्या दुरुस्तीत करू म्हणाले आणि स वर कागदी त चिकटवला. रंग वेगळा, आकार वेगळा, जरा वाकडा. अर्थ तोच राहिला: 'आँतियेन म्हणजे जुनी'. आता तर ते वाचून वेड लागायची पाळी. ओमेरने आपलं नाव खिळ्याने खरवडून काढलं. दिवसाढवळ्या, तिकीट काढून आत जाऊन.

सोळा डिसेंबरला तो माझ्या घरी आला. बसला नाही.

"बाकांशिवाय चालेल," म्हणाला. "माणसं लागतात. उद्या पाच वाजता."

मी म्हटलं, ओमेर, पंच्याहत्तरच्या संपात याच चर्चमधून आम्हाला सांगितलं होतं की मुकाट्याने कामावर जा. त्यानंतर मी तिथे फक्त मयताला जाते, आणि तोंड मिटून उभी राहते. माझा कशावरही विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे.

"मी कुठे म्हणतोय विश्वास ठेव. समोर उभी राहा."

मी आमच्या भाडेकरू संघातल्या तिघींना घेतलं. एकीने तर विचारलं की मोर्चा आहे का, फलक घेऊ का. आम्ही चौघी उत्तरेला, त्या फिकट डागावर उभ्या राहिलो, प्लास्टिकला पाठ करून. उभं राहिल्याबरोबर तो देवदूत गायला लागला. आम्ही सरकलो, थांबला. स्थिर झालो, पुन्हा सुरू. ओमेर दक्षिणेकडून चालत आला, खिशातून पत्रा कापायची कात्री काढली, फलकामागे हात घालून वायर कापली.

"नगरपालिकेची मालमत्ता आहे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन.

"छप्पर गळतं, पाणी गेलं असेल," तो म्हणाला, आणि आपल्या जागी परत गेला.

लेओंसला बसवलं होतं. ओमेर उभा राहिला, पोथी उघडी, पण बघितलं नाही तिच्यात. 'ओ' उचलला. माझं वय तेव्हा साठ, आणि माणसाच्या छातीतून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. गोड अजिबात नव्हता. ओझं वर चढवताना दोर ताणला जावा तसा. अर्धी ओळ झाली, त्याने हनुवटीने आमच्याकडे खूण केली. त्याने आम्हाला दुपारी तासभर शिकवलं होतं. आम्ही गायलो. एकजण उशिरा निघाली, एकजण वरच गेली, मी शब्द विसरून नुसता 'ओ' च धरून ठेवला. लेओंसने बहिरा कान आमच्याकडे केला.

संपल्यावर ओमेरने पोथी मिटली.

"घाण," म्हणाला. "उद्या पाच वाजता."

दुसऱ्या दिवशी पण घाण. तिसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं की ओरडू नकोस, समोर कुणीतरी आहे, ऐकून मग गा. चौथ्या दिवशी मालफेबाई डोकावल्या, मोबाइल वर धरून, त्यांच्या 'वाटे'साठी फोटो घ्यायला. ओमेरने अर्ध्या ओळीत थांबून दाराकडे बोट केलं. त्या गेल्या. तोच फोटो पुढे त्या पुस्तिकेत आला: दाराकडे बोट दाखवणारा ओमेर, खाली 'सदा हसतमुख'.

सातव्या दिवशी कडाक्याची थंडी होती, आमच्या तोंडातून वाफ निघत होती. ओमेर खोकत होता, तोच खोकला मार्चमध्ये त्याला घेऊन गेला. त्याने 'ओ' उचलला, मधेच कमी पडला, आणि अर्धी ओळ पुरती न होता थांबली. आम्ही ती तिथूनच घेतली. कुणी खूण केली नव्हती. शेवटपर्यंत नेली आणि थांबलो.

रिवाज असा, की ज्याने 'ओ' उचलला त्याने बाकीच्यांना काही खायला द्यायचं. ओमेरने कोटाच्या खिशातून रोलांदने केलेला अंड्याचा केक काढला, कात्रीनेच त्याचे तुकडे केले, आणि फिकट डागापर्यंत येऊन एकेकीच्या हातावर ठेवले. मी विचारलं, आज तरी कसं झालं.

तो खोकला, तोंड पुसलं.

"ऐकू आलं," म्हणाला.